केस : कोर्टातली, चष्म्याची आणि डोक्यावरची

प्रश्न असा आहे. कोर्टात चालते ती केस. डॉक्टर ‘सिरियस आहे’ म्हणतात तीही केस. चष्मा ठेवतो ती केस, पासवर्ड टाकताना नडते ती अपर आणि लोअर केस, आणि इंग्रजी व्याकरणात विभक्तीलाही केसच म्हणतात. एकच शब्द इतक्या ठिकाणी कसा पोचला, लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ काय होता, आणि आपल्या डोक्यावरच्या केसांशी त्याचं काही नातं आहे का?

पहिली गोष्ट म्हणजे हा एक शब्द नाही. इंग्रजीत ‘केस’ नावाचे दोन स्वतंत्र शब्द आहेत. त्यांची मुळं वेगळी, ते फ्रेंचमधून आले त्या वाटाही वेगळ्या. पहिला लॅटिन ‘कासुस’पासून आला, कासुस म्हणजे पडणं. दुसरा ‘काप्सा’पासून, काप्सा म्हणजे पेटी. चांगला इंग्रजी कोश उघडलात तर ‘केस’ या नोंदीवर बारीक १ आणि २ असे आकडे दिसतील. हे आकडे एका शब्दाच्या अर्थांचे नसतात, वेगवेगळ्या शब्दांचे असतात. हा फरक सुटला की मग ‘पेटीत ठेवलेली कागदपत्रं म्हणून कोर्टाची केस’ असली हुशार पण खोटी व्युत्पत्ती जन्माला येते. मराठीत या दोघांच्या शेजारी आपला घरचा तिसरा ‘केस’ येऊन बसला आहे. तो डोक्यावरचा, आणि त्याचं या दोघांशी काहीही नातं नाही.

आधी पडणारा केस घेऊ, कारण त्याचा पसारा मोठा आहे.

लॅटिनमध्ये ‘कादेरे’ म्हणजे पडणे. त्याचं नाम ‘कासुस’. शब्दशः अर्थ पडणं, आणि त्यावरून जे नशिबात येऊन पडतं ते: घटना, योगायोग, प्रसंग, अपघात. पडण्यावरून घडण्याकडे ही उडी मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे गरज पडते, प्रश्न पडतो, विसर पडतो, दुष्काळ पडतो, एखाद्याशी गाठ पडते. यातलं काहीही वरून खाली येत नाही, सगळं फक्त घडतं. रोमन माणसाची विचार करायची रीत हीच होती. क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशिक्षकाने नोंदवून ठेवलंय की सिसेरो आणि व्हर्जिल हा शब्द दोन ‘स’ घालून ‘कास्सुस’ असा लिहीत. ‘काद्’ला ‘तुस’ जोडला की ‘द्’ आणि ‘त’ एकमेकांत मिसळून ‘स्स’ होतो. पुढे त्यातला एक ‘स’ गळाला. कादेरेचं मूळ भाषाशास्त्रज्ञ संस्कृतमधल्या ‘शद्’ या धातूशी जोडतात. त्याचाही अर्थ गळून पडणे असाच आहे.

फ्रेंचमध्ये कासुसचा ‘का’ झाला. लिहिताना शेवटी ‘स’ असतो, पण आज तो उच्चारत नाहीत. जुन्या फ्रेंचमध्येच या शब्दाला घटना, परिस्थिती, भांडण आणि न्यायनिवाड्याला आलेलं प्रकरण असे अर्थ होते. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि राज्यकर्त्यांची, मग न्यायाची भाषा फ्रेंच झाली. कोर्टात तोंडी कामकाज इंग्रजीत चालवावं असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडलं, आणि त्यानंतरही वकिलांची परिभाषा फ्रेंचच राहिली. त्यामुळे इंग्रजी कोर्टाचे बरेचसे शब्द फ्रेंच निघतात: जज, ज्युरी, प्लेन्टिफ, डिफेन्डन्ट. केस त्याच रांगेतला. इंग्रजीत तो १३व्या शतकात ‘एखाद्यावर ओढवलेली परिस्थिती’ या अर्थाने आला, आणि १४व्या शतकात त्याला कोर्टाचा, रोगाचा आणि व्याकरणाचा असे तिन्ही अर्थ चिकटले. म्हणजे कोर्टातली केस आणि दवाखान्यातली केस सख्ख्या बहिणी आहेत. कुणावर तरी काहीतरी येऊन पडलंय, एवढाच दोघींचा मूळ आशय. ‘तो माणूस म्हणजे एक केसच आहे’ असं आपण एखाद्या वल्लीबद्दल म्हणतो, तेही याच शब्दाचं पुढचं पाऊल. ती तऱ्हा १९व्या शतकातल्या अमेरिकन बोलीतून आली.

दवाखान्यातल्या केसचा एक जोडीदार पाहण्यासारखा आहे. लक्षणाला डॉक्टर ‘सिम्प्टम’ म्हणतात. हा ग्रीक शब्द. त्यातला ‘सिन’ म्हणजे सोबत आणि ‘पिप्टेइन’ म्हणजे पडणे. आजारासोबत जे येऊन पडतं ते सिम्प्टम. केसपेपरवर केस लॅटिनमधून पडलेली आणि लक्षणं ग्रीकमधून पडलेली असतात.

आता विभक्ती. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण पडण्याचा आणि नामाच्या रूपाचा संबंध सहज दिसत नाही. ग्रीक व्याकरणकार शब्दाच्या बदललेल्या रूपाला ‘प्टोसिस’ म्हणत, म्हणजे पुन्हा पडणंच. अ‍ॅरिस्टॉटलने हा शब्द सैल वापरला: नाम, क्रियापद, क्रियाविशेषण, कशाचंही मूळ रूपापासून ढळलेलं रूप म्हणजे प्टोसिस. पुढे स्टोइक तत्त्वज्ञांनी तो नामापुरता आवळून घेतला. कल्पना अशी की नामाचं कर्त्याचं रूप सरळ उभं आहे आणि बाकीची रूपं त्यापासून कलत, तिरपी होत खाली येतात. रोमनांनी प्टोसिसचं शब्दशः भाषांतर ‘कासुस’ केलं, उभ्या रूपाला ‘रेक्टुस’ म्हटलं आणि कललेल्यांना ‘ओब्लिक्वुस’. मराठी व्याकरण इंग्रजीतून वाचणाऱ्यांनी हा शेवटचा शब्द पाहिलेला असतो. ‘घोडा’चं ‘घोड्या-’ होतं, त्या सामान्यरूपाला इंग्रजीत ‘ओब्लिक’ म्हणतात, म्हणजे तिरपं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पडझडीचा कलता खांब अजून आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात उभा आहे.

संस्कृत वैयाकरणांनी ही कल्पना घेतली नाही. ‘विभक्ति’ हा शब्द ‘वि’ आणि ‘भज्’ यांतून, वाटणी करण्यावरून बनला आहे. तिथे कोणी पडत नाही, नुसती विभागणी होते. याउलट रशियनमध्ये विभक्तीला ‘पाद्येझ’ म्हणतात आणि तोही पडण्यावरूनच आहे, कारण ते ग्रीकचं भाषांतर. जर्मनमध्ये ‘फाल’ हा एकच शब्द पडणं, प्रकरण आणि विभक्ती हे तिन्ही अर्थ सांभाळतो.

ग्रीक प्टोसिसचा आपल्याशी संबंध लॅटिन कासुसपेक्षा जवळचा आहे. ग्रीक ‘पिप्टेइन’ आणि संस्कृत ‘पत्’ एकाच मुळाचे. ‘पतति’चा प्राकृतात ‘पडइ’ झाला आणि त्यावरून मराठी ‘पडणे’ आलं. म्हणजे डोळ्याचे डॉक्टर पापणी खाली ओघळण्याला ‘टोसिस’ म्हणतात तो शब्द (सुरुवातीचा ‘प’ इंग्रजी उच्चारात गळतो) आपल्या पडण्याचा दूरचा भाऊ.

विभक्तींच्या नावांत एक गंमत शिल्लक आहे. कर्माच्या विभक्तीला इंग्रजीत ‘अक्युझेटिव्ह’ म्हणतात, जणू आरोपीची विभक्ती. ग्रीकमध्ये तिचं नाव ‘आयतिआतिके’ होतं. ते ज्या शब्दकुळातलं, त्यात कारण आणि दोषारोप असे दोन्ही अर्थ आहेत. ग्रीकांच्या मनात ‘क्रियेमुळे जे घडवलं गेलं ते’ असा अर्थ असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. रोमनांनी दुसरा अर्थ उचलला आणि भाषांतर ‘आरोप’ असं केलं. चूक रूढ झाली आणि आजतागायत प्रत्येक लॅटिन शिकणारा ती मुकाट्याने पाठ करतो.

कादेरेची मुलंबाळं मराठी बोलण्यात रोज येतात. अ‍ॅक्सिडेंट, इन्सिडेंट, ऑकेजन, कॅज्युअल, कॅज्युअल्टी ही सरळ लॅटिनची मांडणी. कॅज्युअल म्हणजे मुळात ठरवून न घडलेलं, प्रसंगाने उद्भवलेलं. म्हणूनच कॅज्युअल लीव्हला सरकारी मराठीत ‘नैमित्तिक रजा’ म्हणतात ते अगदी नेमकं आहे: निमित्त घडलं म्हणून घेतलेली रजा. घरगुती कपड्यांना कॅज्युअल म्हणण्याची पद्धत फार नंतरची. कॅज्युअल्टी म्हणजे आधी दुर्घटना, मग लढाईत मेलेले आणि जखमी झालेले सैनिक, आणि शेवटी जखमींना आणतात तो इस्पितळाचा विभाग. पश्चिमेला ‘ऑक्सिडेंट’ म्हणतात, कारण सूर्य तिकडे पडतो.

‘चान्स’ मात्र वेगळ्या वाटेने आला. कादेरेपासून बोलीभाषेच्या लॅटिनमध्ये ‘कादेन्तिआ’ झालं. फ्रेंच तोंडात घासून घासून त्याचा आधी ‘चेआन्स’सारखा काहीतरी उच्चार झाला आणि मग ‘चान्स’. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द फासे पडण्यासाठीही वापरत. आपण ‘दान पडलं’ म्हणतो, तेच हे. पॅराशूटमधला ‘शूट’ म्हणजेही पडणं, आणि ‘पॅरा’ म्हणजे त्यापासून बचाव. गोळी मारण्याशी संबंध नाही.

इथे एक प्रश्न विचारायला हवा. कासुस आणि कादेन्तिआ एकाच क्रियापदाचे, मग फ्रेंचमध्ये एकाचा ‘क’ टिकला आणि दुसऱ्याचा ‘च’ का झाला? नियम असा: पॅरिसच्या परिसरातल्या फ्रेंचमध्ये लॅटिनच्या सुरुवातीच्या ‘का’चा ‘चा’ होतो, आणि पुढे त्याचाच ‘शा’. हे झालं लोकांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या शब्दांचं. पंडितांनी पुस्तकांतून नंतर उचललेल्या शब्दांना हा नियम लागत नाही. ‘का’ हा पंडितांचा उसना शब्द म्हणून कोरा राहिला. ‘चान्स’ बाजारात वापरला गेला म्हणून झिजला. मराठीतही तत्सम आणि तद्भव हाच भेद आहे: ‘कर्म’ तसाच राहतो आणि ‘काम’ होऊन तोच परत येतो. हा नियम लक्षात ठेवा, पेटीच्या केसला तो लगेच लागणार आहे.

त्याआधी या कुळातले दोन खड्डे. लॅटिनमध्ये कादेरेच्या शेजारी ‘काएदेरे’ आहे. त्याचा अर्थ कापणे, मारणे. साध्या रूपात दोघांत फरक दिसतो, पण उपसर्ग लागला की दोघांचेही स्वर बदलतात आणि ते जवळजवळ एक होतात. ‘ओक्किदो’तला ‘कि’ ऱ्हस्व असेल तर अर्थ मावळणे, आणि तोच दीर्घ असेल तर ठार मारणे. इंग्रजीत आल्यावर ती दीर्घता लिहिण्यात दिसत नाही. म्हणून इन्सिडेंट पडण्याचा, पण इन्सिजन, म्हणजे शस्त्रक्रियेतला छेद, कापण्याचा. अ‍ॅक्सिडेंट पडण्याचा, पण डिसाइड आणि सुइसाइड कापण्याचे. ‘सिझेरियनची केस’ या दोन शब्दांत दोन्ही क्रियापदं शेजारी बसली आहेत: पहिल्यात कापणं, दुसऱ्यात पडणं. ओळखण्याची खूण म्हणजे शब्दात तोडणं, छेदणं किंवा मारणं असेल तर काएदेरे. आपोआप घडणं असेल तर कादेरे.

दुसरा खड्डा ‘कडॅव्हर’ या शब्दाचा. प्रेताला वापरतात तो हा शब्द परंपरेने कादेरेशी जोडला जातो: पडलेला तो. पण मध्ययुगात कोणीतरी ‘किड्यांना दिलेलं मांस’ अशा अर्थाच्या तीन लॅटिन शब्दांची आद्याक्षरं जुळवून तो बनला असं सांगितलं आणि ते इतकं पसरलं की आजही छापलं जातं. आद्याक्षरांवरून सांगितलेली कोणत्याही जुन्या शब्दाची व्युत्पत्ती आली की ती खोटी समजून पुढे चालावं. शब्द तसे बनवायची रीत फार अलीकडची आहे.

आता पेटी. लॅटिन ‘काप्सा’ हा ‘कापेरे’ म्हणजे पकडणे, मावून घेणे या क्रियापदावरून आला. कॅपॅसिटी, कॅप्चर, कॅप्टिव्ह ही सगळी त्याच कापेरेची. रोममध्ये काप्सा म्हणजे झाकणाचा गोल उभट डबा. पपायरसच्या गुंडाळ्या, म्हणजे त्या काळची पुस्तकं, त्यात उभी ठेवत. श्रीमंतांच्या मुलांसोबत हा डबा उचलून शाळेत जाणारा गुलाम असे, त्याला ‘काप्सारिउस’ म्हणत. सैन्यात मलमपट्टीची पेटी बाळगणाऱ्यालाही तेच नाव होतं. छोट्या काप्साला ‘काप्सुला’ म्हणत. गोळीची कॅप्सूल तीच.

लॅटिनची ‘प्स’ ही जोडी पुढच्या भाषांत ‘स्स’ होते, जसं आपल्याकडे ‘सप्त’चं ‘सत्त’ आणि मग ‘सात’ झालं. इटालियनमध्ये काप्साचा ‘कास्सा’ झाला. फ्रान्समध्ये मघाचा नियम कामाला आला. पॅरिसकडे ‘का’चा ‘चा’ होऊन ‘चास्स’ झाला. आजच्या फ्रेंचमध्ये ‘शास’ म्हणजे संतांचे अवशेष ठेवण्याची नक्षीदार पेटी. पण उत्तरेकडच्या नॉर्मन बोलीत ‘क’ बदलला नाही. तिथे ‘कास’ राहिला आणि इंग्लंड जिंकणारे नेमके नॉर्मन होते. म्हणून इंग्रजीला ‘केस’ मिळाला, चेस नाही.

अर्थात चेसही मिळाला, पण दुसऱ्या फेरीत. पॅरिसच्या रूपातून इंग्रजी छपाईवाल्यांनी ‘चेस’ हा शब्द घेतला: जुळवलेले खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, ज्या लोखंडी चौकटीत आवळून बसवतात ती चौकट. पाठलाग करण्याचा ‘चेस’ वेगळा, तो कापेरेपासूनच पण दुसऱ्या रूपातून आलेला. आणि त्या चेसचाही नॉर्मन जुळा भाऊ इंग्रजीत आहे: ‘कॅच’. अशा जोड्या एकदा कळल्या की इंग्रजी शब्दाची वाट अंदाजाने सांगता येते. सुरुवातीला ‘क’ असेल तर नॉर्मन किंवा थेट लॅटिन, ‘च’ असेल तर जुनी पॅरिसची फ्रेंच, आणि ‘श’ असेल तर बहुधा नंतरच्या काळातली फ्रेंच. शॉफर, शेफ, शॅम्पेन हे सगळे ‘श’वाले उशिरा आलेले पाहुणे.

छापखान्यात चेस होता तसाच केसही होता, आणि पासवर्डमधली केस तिथूनच आली. जुळारी उभा राहून काम करी. त्याच्यासमोर उतरत्या घोडीवर खणांच्या दोन लाकडी पेट्या असत. रोज शेकडो वेळा लागणारी छोटी अक्षरं हाताजवळच्या खालच्या पेटीत, आणि क्वचित लागणारी मोठी अक्षरं वरच्या. खालच्या पेटीतले खणसुद्धा सारखे नसत. इंग्रजीत सर्वाधिक येणाऱ्या ‘ई’चा खण सर्वांत मोठा. लोअर केस आणि अपर केस म्हणजे एवढंच, खालची पेटी आणि वरची पेटी. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही, म्हणून हा भेदही नाही. पण जोडाक्षरं आणि मात्रांमुळे आपल्या जुळाऱ्याला शेकडो प्रकारचे खिळे लागत आणि ते दोन पेट्यांत मावत नसत. पेट्या गेल्या तरी भेद संगणकात उतरला. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या आस्की तक्त्यात मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५ आणि छोट्याचा ९७, प्रत्येक अक्षरात हे अंतर नेमकं ३२ चं, म्हणजे द्विमान पद्धतीत फक्त एका बिटचं. माणसाला ते एकच अक्षर दिसतं, संगणकाला दोन निराळे आकडे, आणि म्हणून बरोबर पासवर्ड चूक ठरतो. जाता जाता: कीबोर्डवरच्या ‘कॅप्स लॉक’चा काप्साशी संबंध नाही. तो ‘कॅपिटल’, म्हणजे डोक्याचा, लॅटिन ‘कापुत’चा.

काप्साचे आणखी काही वंशज ओळखीचे आहेत. कॅसेट म्हणजे फ्रेंचमधली छोटी पेटी. गाडीचा चॅसिस म्हणजे ‘शासी’, चौकट. इंग्रजांना हा फ्रेंच शब्द ऐकून अनेकवचन वाटलं. त्यांनी शेवटचा भाग तोडून ‘सॅश’ असं एकवचन तयार केलं, आणि वरखाली सरकणाऱ्या खिडकीच्या चौकटीला ते नाव पडलं. खांद्यावरून तिरपा घेतात तो सॅश वेगळा, तो अरबी मलमलीच्या पट्ट्याचा. पैशाचा ‘कॅश’ही पेटीच: फ्रेंच ‘केस’ किंवा इटालियन ‘कास्सा’ म्हणजे पैशाची पेटी, आणि पेटीवरून आतल्या पैशाला नाव. कॅशियर म्हणजे पेटीवर बसणारा. मात्र पूर्वेकडच्या छोट्या नाण्यांनाही जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ‘कॅश’ म्हटलेलं आढळतं. तो शब्द तमिळ ‘कासु’चा, पोर्तुगिजांच्या तोंडून आलेला, आणि कासु संस्कृत ‘कर्ष’ या वजनाशी जोडतात. जुने हिशेब वाचताना हे दोन कॅश एक धरले की बेरीज बिघडते.

काप्सा आणि कासुस हे लॅटिनमध्ये कोणी एकमेकांत मिसळले नसते. मग इंग्रजीतच ते एक का झाले? फ्रेंचमधून आलेले दोन्ही शब्द मध्ययुगीन इंग्रजीत ‘कास’ किंवा ‘कासं’ असे उच्चारले जाऊ लागले. शेवटचा क्षीण स्वर गळाला, लिहिण्यात उरला तो फक्त आधीचा स्वर लांब आहे हे दाखवायला. पुढे १५व्या ते १७व्या शतकांत इंग्रजीचे बहुतेक दीर्घ स्वर वर सरकले, आणि ‘आ’ हळूहळू ‘एइ’कडे गेला. ‘नाम’चं ‘नेम’ झालं तसंच ‘कास’चं ‘केस’. दोन्ही शब्द त्या एकाच लाटेवर चढून एकाच किनाऱ्याला लागले. बाकीच्या भाषांत ते आजही निराळे आहेत, आणि शंका आली की हीच तपासणी सर्वांत सोपी पडते. इटालियनमध्ये प्रकरण ‘काझो’, पेटी ‘कास्सा’. स्पॅनिशमध्ये ‘कासो’ आणि ‘काहा’. पोर्तुगिजमध्ये ‘काझु’ आणि ‘काइशा’. तुमचं इंग्रजी वाक्य यातल्या कोणत्याही भाषेत नेलं की कोणता केस आहे ते लगेच बाहेर येतं.

याच्या उलट उदाहरण ‘सूट’चं आहे, आणि ते शेजारी ठेवल्याशिवाय केसचा मुद्दा पुरा होत नाही. सूट म्हणजे कोर्टातला दावा आणि सूट म्हणजे कोट-पँटचा जोडही. इथे मात्र शब्द खरंच एकच: लॅटिन ‘सेक्वी’, मागोमाग जाणे, यावरून फ्रेंचमधून आलेला. न्याय मागत पाठपुरावा करणं हा दावा, आणि एकामागोमाग एक जुळणाऱ्या कपड्यांचा संच हा पोशाख. एका मुळाला दोन फांद्या फुटल्या. म्हणजे ‘सूटकेस’मध्ये दोन्ही शब्द कोर्टाचे वाटतात आणि एकही कोर्टाचा नाही. ब्रीफकेस त्याहून बिलंदर आहे. ‘ब्रीफ’ म्हणजे बॅरिस्टरला दिलेला खटल्याचा संक्षेप, आणि ब्रीफकेस म्हणजे एका केसचे कागद नेण्याची दुसरी केस. (मराठीतली ‘सूट’, सवलतीची, ही ‘सुटणे’वरून. ती या भानगडीत नाही.)

आवाजाने फसवणारे आणखी तीन शब्द झटकन सांगतो. दुधातलं ‘केसीन’ हे प्रथिन लॅटिन ‘कासेउस’, म्हणजे चीज, यावरून. इंग्रजी ‘चीज’ हा शब्दही त्याचाच. ‘कॅसिनो’ हा ‘कासा’, झोपडी किंवा घर, यावरून. आणि हायकोर्ट गुन्हा ‘क्वॅश’ करतं तो क्वॅश ‘कास्सुस’ म्हणजे पोकळ, रिकामं या विशेषणाकडून येतो. लिहिण्यात ते सिसेरोच्या दोन ‘स’वाल्या कासुससारखंच दिसतं, पण शब्द निराळा.

डोक्यावरचा केस संस्कृत ‘केश’. महाराष्ट्री प्राकृतात श, ष आणि स हे तिन्ही एकाच ‘स’मध्ये मिसळले म्हणून ‘केस’. इंग्रजांशी गाठ पडण्याच्या कितीतरी आधीपासून तो तसा आहे. तरीही केसांचा आणि लॅटिनचा संबंध जोडायचा मोह जुना आहे आणि तो रोमनांनाही झाला होता. सीझर हे घराण्याचं नाव दाट केसांना म्हणतात त्या लॅटिन शब्दावरून पडलं असं काही रोमन सांगत, तर प्लिनी सांगतो की त्या घराण्यातला पहिला पुरुष आईचं पोट कापून जन्मला म्हणून. प्रसिद्ध ज्युलियस सीझर तसा जन्मला नव्हता हे जवळजवळ नक्की, कारण त्याची आई पुढे अनेक वर्षं जिवंत होती, आणि त्या काळी असं पोट कापत ते बहुतेक मेलेल्या आईचं.

आता अनुवाद करणाऱ्यांसाठी. वाक्यातला केस पडणारा की पेटीचा हे ठरवायला मनातल्या मनात ‘प्रसंग’ आणि ‘वेष्टन’ हे शब्द घालून पाहा. एक बसतो, दुसरा हास्यास्पद होतो. पिलोकेस म्हणजे उशीचा अभ्रा, बोअरवेलचं केसिंग म्हणजे भुसभुशीत माती आत ढासळू नये म्हणून घातलेली नळी; दोन्ही वेष्टनंच. यंत्रशास्त्रातलं ‘केस हार्डनिंग’ सर्वांत जास्त चुकतं. कमी कार्बनचं पोलाद कार्बन देणाऱ्या वातावरणात सुमारे ९०० ते ९५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून ठेवतात, बाहेरच्या थरात कार्बन मुरतो, मग झटकन थंड केलं की तो थर कठीण होतो आणि गाभा चिवट राहतो. थराची जाडी साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर. इथली केस म्हणजे वस्तूची साल. ‘पृष्ठ-कठिनीकरण’ हा प्रतिशब्द म्हणून बरोबर आहे. ‘प्रकरण’ हा शब्द यात कुठूनही शिरता कामा नये.

पडणाऱ्या केसला एकच मराठी शब्द पुरत नाही. फौजदारी असेल तर खटला, दिवाणी असेल तर दावा, दफ्तरात असेल तर प्रकरण, दवाखान्यात रुग्ण किंवा त्याचा आजार, व्याकरणात रूपाबद्दल बोलणं असेल तर विभक्ती आणि क्रियेशी असलेल्या नात्याबद्दल असेल तर कारक. विभक्ती-कारकाची गल्लत पाठ्यपुस्तकांतही होते: ‘रामाने आंबा खाल्ला’ यात ‘रामाने’ची विभक्ती तृतीया, पण कारक कर्ता. ‘इन केस’ला ‘च्या बाबतीत’ लिहिणं ही आळशी खोड आहे. ‘समजा पाऊस आलाच तर’ हे मराठी. ‘इन एनी केस’ म्हणजे ‘काहीही झालं तरी’. ‘झालं’मध्ये कासुसचा अर्थ पुरा येतो, वेगळं नाम घालावं लागत नाही. कायद्याच्या मसुद्यात ‘अ‍ॅज द केस मे बी’ला ‘यथास्थिति’ रूढ आहे. ‘टु मेक अ केस’ला ‘केस बनवणे’ नको. ‘बाजू मांडणे’ किंवा ‘मुद्दा पटवून देणे’.

मराठीने मात्र आपले केस आपसात गुंतू दिलेले नाहीत. डोक्यावरचा केस पुल्लिंगी: तो केस, पांढरा केस. कोर्टातली आणि चष्म्याची केस, दोन्ही स्त्रीलिंगी: ती केस, मोठी केस. अनेकवचनात पहिला ‘केस’च राहतो, दुसरीच्या ‘केसेस’ होतात. त्या इंग्रजी अनेकवचनासकट आल्या. ‘फाइल’च्या ‘फायली’ झाल्या तसं या शब्दाचं झालं नाही. सामान्यरूपही वेगळं: केसाचा रंग, पण केसचा निकाल, केसात फणी, पण केसमध्ये चष्मा. केसाने गळा कापता येतो, केसने फार तर खिसा. म्हणून लिहिताना ‘केसाचा निकाल’ हे रूप टाळा. बातम्यांच्या मथळ्यांत ते अधूनमधून दिसतं आणि वाचणाऱ्याला क्षणभर न्हाव्याचं दुकान आठवतं.